खिंडीतले पेटवण

फार मागे, डोंगरांना अजून नावे पडायची होती तेव्हा, एका खिंडीत एक म्हातारी राहत असे. धुके उतरले की खिंडीच्या तोंडाशी जाळ करायचा, एवढेच तिच्या घराण्याचे काम. वाटेच्या डाव्या हाताला खोल कडा होता. मेंढरे घेऊन परतणारे लोक त्या जाळाच्या उजेडाकडे पाहत चालत. जाळ नसेल तर पाऊल कुठे पडेल, सांगता येत नसे.

जाळासाठी लागणारे पेटवण म्हातारी दर उन्हाळ्यात घरीच करी. शेण, भाताचे तूस, लाकडाचा भुसा आणि थोडी राळ मळून ती गोळे वळी आणि छपरावर वाळवी. गोळे ओबडधोबड असत. पेटायला वेळ लावत, धूरही फार करत. चाळीस उन्हाळे ती हे करत आली होती, आणि आता तिची बोटे वळत नव्हती.

एका उन्हाळ्यात सुनेने खालच्या बाजारातून पेटवणाच्या वड्या आणल्या. पांढऱ्या, एकसारख्या, ठिणगी पडताच भडकणाऱ्या.

"तुमचा गोळा पेटेपर्यंत मेंढरं म्हातारी होतात, आत्याबाई," ती म्हणाली. म्हातारीलाही हसू आले.

म्हातारीने एक वडी चुलीत टाकून पाहिली. जाळ झपकन उठला आणि झपकन बसला. चुलीतली लाकडे सुकी होती, म्हणून पेटली. खिंडीतली लाकडे कायम ओलसर असतात, हे तिला ठाऊक होते. सांगावे असे मनात आले. मग वाटले, आपले काम दुसऱ्या कुणी हलके केले, याचेच आपल्याला वाईट वाटत असेल. बाजारात इतकी माणसे या वड्या घेतात, ती काय वेडी आहेत? ती गप्प बसली. त्या वर्षी तिने गोळे वळले नाहीत. खरे तर तिला हायसेच वाटले.

पावसाळा सरता सरता एकदा भर दुपारी धुके उतरले. म्हातारीचा मुलगा कळप घेऊन कड्याच्या वाटेवर होता. सुनेने वडी लावली. ती भडकली आणि विझली. लाकूड नुसते फसफसले. दुसरी, पाचवी, दहावी, तीच गत.

म्हातारी उठली. घरातली सुकी गोवरी आणि मूठभर तूस आणून तिने गोवरी मोडली आणि तुसासकट लाकडांखाली रचली. उरलेल्या दोन वड्या तिने सुनेला त्या गोवरीखाली ठेवायला सांगितल्या. वड्यांनी गोवरी पेटवली आणि गोवरीने लाकूड, सावकाश.

पण तोवर उशीर झाला होता. मुलगा आला तो रांगत. जाळ दिसण्याआधीच त्याचा पाय कड्यावरून घसरला होता. एका झुडपाने त्याला धरले; अर्धा कळप मात्र गेला. तो पाय पुढे कधी सरळ पडला नाही.

पाय बांधता बांधता सुनेने विचारले, "तुम्हांला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"ओलं लाकूड वेळ मागतं, एवढं ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, माझंच चुकत असेल. आणि दमले होते गं."

पुढच्या उन्हाळ्यात सून स्वतः गोळे वळायला बसली. म्हातारी शेजारी बसून न विचारता सांगत राहिली. प्रत्येक वाक्याआधी "चुकत असेन" म्हणे, पण सांगे.

हातातले काम थकल्यावर खाली ठेवावे. ठाऊक असलेली गोष्ट मात्र कुणाला तरी सांगूनच खाली ठेवावी.