मुंग्यांवरून पडलेला शब्द

जहाजावरून उडून आलेला एक पोपट आंब्यावर राहायचा, तेव्हाची ही गोष्ट. एकदा तो खालच्या मुंग्यांना म्हणाला, "ज्याला धीर धरवत नाही, त्याला इंग्रजीत 'अँट्सी' म्हणतात. म्हणजे विजारीत मुंग्या शिरल्यासारखा! शब्द तुमच्यावरूनच पडलाय."

धाकटी मुंगी चिडली. "आम्हाला धीर नाही? साखरेचा दाणा घेऊन मी भिंतीवरून कितीदा पडते, तरी पुन्हा चढतेच ना!"

"जाऊ दे, बाळा," म्हातारी मुंगी म्हणाली. "शब्द काढणारा कुणाच्या तरी वारुळावर बसला असणार. आपल्याही वारुळावर एकदा एकजण बसला होता. आम्ही सैरावैरा धावलो, त्याला कडकडून चावलो."

"मग जरा धीर का नाही धरलात?"

म्हातारीने तिला जवळ घेतलं. "अगं, आत तू होतीस. अंड्यात."