बारकूने पाय कसे जपले

एका गावात एक भोळा माणूस होता. भोळा हा शब्द तोंडावरचा. पाठीमागे गाव जो शब्द वापरायचं, तो पोराबाळांसमोर सांगता येत नाही. नाव बारकू. अंगापिंडाने दणकट, जेवायला दोन माणसांचं, डोकं मात्र देवाने घाईघाईत बसवलेलं. कुणी काही सांगितलं की बारकू ते अगदी सांगितलं तस्संच करायचा. तेवढंच करायचा. आणि नको तिथे करायचा.

त्याची बायको सगुणा. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पहिल्या दिवाळसणाला बारकू सासुरवाडीला गेला तो चुलतभावाच्या वहाणा मागून घेऊन, पायात घालून. चुलतभावाचा पाय एवढासा. दोन कोस चालून पोचेपर्यंत बारकूचे पाय असे सुजले की वहाणा निघेनात. सासरे तात्याबा यांनी शेवटी विळ्याने पट्टे कापून काढले. सगळी भावकी जमली होती आणि सगळी भावकी पोट धरून हसली. जावईबापू पंगतीत बसले ते पाय बादलीत सोडून. तात्याबा मोठे मानी, त्यांना हे सोसवेना. त्यांनी लेकीला ठेवून घेतलं आणि जावयाला बैलगाडीत घालून परत धाडलं.

पुढे उन्हाळ्यात अधिक महिना लागला. अधिकात जावयाला बोलावतात, भावकीसमोर त्याचे पाय धुतात, धोंड्याचं गोड जेवण घालतात. तात्याबांचा निरोप आला.

"महिना संपायच्या आत जावयाने यावं. पाय धड दिसले तर लेक त्याच दिवशी बरोबर देईन. पाय फुटलेले दिसले तर लेक कायमची माझ्याकडे. ज्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत, तो माझी लेक काय सांभाळणार?"

निरोप ऐकून बारकूची आई ठकूबाई हवालदिल झाली. बारकूलाही वाईट वाटलं. त्याला कुणी हसलं की सगुणा पदर खोचून भांडायला उठायची. ती गेल्यापासून लोक अगदी मोकळेपणाने हसत होते.

"बारक्या," आई म्हणाली, "बाजारात जा आणि वहाणा घेऊन ये. घट्ट घेऊ नको, मेल्या. पुढे बोटभर जागा सुटली पाहिजे."

"बोटभर. बरं, आये."

बाजारात सुदामकाका वहाणा शिवायला बसत. बारकूला एक लाल गोंड्याची वहाण आवडली. पाय घातला तर अंगठा पुढे टेकला. बारकूने विचार केला. होय, करायचा तो विचार, अधूनमधून. मग त्याने पाय बोटभर मागे ओढला. पुढे बोटभर जागा सुटली. टाच तेवढी मागे लोंबायला लागली.

"अरे बाबा, ही तुला लहान होते," सुदामकाका म्हणाले.

"लहान कशी? पुढे जागा शिल्लक आहे की!"

सुदामकाकांनी कपाळाला हात लावला. बारकू गोंडे उडवत निघाला. गावाच्या शिवेपाशी टाचेत बाभळीचा काटा मोडला, तो काढायला दोन माणसं आणि एक चिमटा लागला. आठ दिवस बारकू अंगणात एका पायावर.

"टाच बाहेर ठेवून कुणी चालतं का रे मुडद्या?" आई कडाडली. "ते काही नाही. घेण्याआधी आत पाय घालायचा. दोन्ही पाय घालायचे. चार पावलं चालून बघायचं. मगच घ्यायचं!"

"पाय घालायचे, चार पावलं चालायचं, मग घ्यायचं," बारकूने घोकलं.

"आणि येताना एक माठ आण. घरातला गळायला लागलाय."

पुढच्या बाजारी बारकूला आधी माठवाला दिसला. बारकूने दोन चांगले माठ निवडले, जमिनीवर ठेवले आणि एकात उजवा, एकात डावा पाय घातला. माठवाला बिचारा दुसऱ्या गिऱ्हाईकाशी बोलत होता. पहिलं पाऊल नीट पडलं. बारकूला बरं वाटलं. दुसऱ्या पावलाला दोन्ही माठांच्या खापऱ्या झाल्या आणि माठवाल्याने बारकूच्या पाठीत दोन घातल्या.

"काका, मारता कशाला? हे आपल्याला बसत नव्हते," बारकू कळवळून म्हणाला.

"अरे दीडशहाण्या, माठ असा बघतात? बोट वाकवून वाजवायचा! खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. कळलं?"

"कळलं!" बारकू म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं, दुखणं तेच होतं.

तिथून तो सुदामकाकांकडे गेला आणि एकेक वहाण उचलून बोटाने वाजवायला लागला. मऊ कातड्याची होती ती बद्द वाजली. सोडली. रुंद पंजाची, पायाला गादीसारखी लागणारी होती, तीही बद्द. सोडली. कोपऱ्यात एक जुना जोड पडला होता, चार उन्हाळे खाऊन लाकडासारखा झालेला, टाचेला लोखंडी नाल. वाजवला तर खण्ण!

"हाच द्या."

"अरे, तो नमुन्याला ठेवलाय. पायात घालायचा नाही तो. सोलून काढेल."

"खणखणीत आहे," बारकू म्हणाला.

घरी येईपर्यंत त्याच्या दोन्ही पायांना मिळून अकरा फोड आले होते. आई रडली. आधी फोड बघून रडली, मग दिवस मोजून. अर्धा महिना सरला होता. त्यापुढच्या बाजाराला तिने बारकूचं मनगट धरलं आणि स्वतःच त्याला सुदामकाकांसमोर नेऊन बसवलं.

"दादा, तुमच्या पाया पडते. याच्या हातात काही देऊ नका, याला काही विचारू नका. याच्या पायांकडे बघा आणि करा."

सुदामकाका भले गृहस्थ. ते म्हणाले, "आत्ता सकाळी नको. दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. उन्हं उतरल्यावर माप घेऊ." संध्याकाळी त्यांनी कागदावर दोन्ही पाय उभे करून पेन्सिलीने आखले. उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा निघाला, तर मोठ्याचं माप धरलं. पंजाला ऐसपैस जागा ठेवली. टाच धरून ठेवली. कातडं तेल पाजून मऊ केलं. चार दिवसांनी जोड तयार झाला, आणि बारकूने पाय घातला तर पायात काही आहे हेच त्याला कळेना. तो अंगणात दहा फेऱ्या मारून आला. कुठे टोचत नव्हतं, कुठे घासत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा बारकूचं खाली बघणं बंद झालं.

"आये, हे तर लोण्यासारखं लागतंय गं!"

आईचे डोळे भरून आले. निघताना तिने दहीभात बांधून दिला आणि एवढंच म्हणाली, "नीट जा. आणि त्या वहाणा जप हो बाबा. असा जोड पुन्हा मिळायचा नाही."

या बाईला आपला मुलगा अजून कळला नव्हता, असंच म्हणायला पाहिजे.

बारकू ऐटीत निघाला. पाव कोस गेला. पुढे खडकाळ माळ लागला, तापलेले दगड, मध्ये बाभळीचे काटे. बारकू थबकला. आपल्याकडे नव्या वहाणा काखेत मारून अनवाणी चालायची आणि सासुरवाडीची वेस आली की पायात घालायची रीत आहेच. चांगली शहाणीसुरती माणसं करतात ते. मग बारकूने काय करावं? त्याने वहाणा काढल्या, पुसल्या, उपरण्यात गुंडाळल्या आणि डोक्यावर घेतल्या. उन्हाने कातडं तडकेल म्हणून वर हाताची सावली धरली. पायाखाली काटे मोडत होते, दगड भाजत होते. बारकू दात-ओठ खात चालला होता, पण मनात मोठा समाधानी होता.

तात्याबांच्या अंगणात पाट मांडला होता, ताट मांडलं होतं, भावकी दाटीवाटीने बसली होती. बारकू आला. अंगणात त्याच्या मागून लाल पावलं उमटली.

"पाय!" तात्याबा किंचाळले. "पायांचं काय केलंस रे?"

"पाय जाऊ द्या, मामंजी." बारकूने उपरणं सोडलं. "वहाणा बघा. एक ओरखडा दाखवा!"

आणि त्याने वहाणा ताटात ठेवल्या. भावकीने मागच्या वेळी पोट धरलं होतं, या वेळी ती जमिनीवर लोळली. तात्याबा लेकीला म्हणाले, "चल घरात. विषय संपला."

सगुणा जागची हलली नाही. "बाबा, माणूस वाईट नाही. सांगाल तसं करतो. एक शब्द इकडचा तिकडे करत नाही."

"तेच तर दुखणं आहे!"

"महिना संपायला सहा दिवस आहेत. सहा दिवसांत मी यांचे पाय बरे करते. मग धुवा."

लेकीपुढे तात्याबांचं चालेना. सगुणाने काटे काढले, हळद-तेल लावलं, पट्ट्या बांधल्या. पाचव्या दिवशी पाय बरे झाले. तेव्हा तात्याबांनी जावयाला समोर बसवलं आणि पोटच्या पोराला सांगावं तसं सांगितलं.

"बापू, वहाण पायासाठी असते, पाय वहाणेसाठी नसतो. आणि नवी असली म्हणजे पहिल्याच दिवशी दोन कोस नेत नाहीत. पहिल्या दिवशी घटकाभर चालवायची आणि परत जागेवर नेऊन ठेवायची. दुसऱ्या दिवशी दोन घटका. अशी हळूहळू सवय लावायची. मग ती जन्मभर साथ देते. काय सांगितलं?"

"नवी असली की पहिल्या दिवशी घटकाभर, मग परत जागेवर. दुसऱ्या दिवशी दोन घटका."

"शाबास!" तात्याबांना खरंच वाटलं की झालं काम.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. भावकी पुन्हा जमली. सासूने पाणी घातलं, तात्याबांनी पाय धुतले, वाकून वाकून पाहिले. एक फोड नाही, एक भेग नाही. तात्याबा म्हणाले, "दिलेला शब्द मी पाळतो. लेक घेऊन जा." सगुणाची ओटी भरली, गाठोडं बांधलं, आईच्या गळ्यात पडून ती रडली आणि बारकूच्या मागे निघाली. वेशीपर्यंत सगळे पोचवायला आले.

इकडे ठकूबाई दुपारपासून दारात उभी. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा. उन्हं कलली तेव्हा लांबून बारकू दिसला. वहाणा पायात होत्या. चाल अगदी सरळ होती. देवा, पावलास रे, असं तिच्या तोंडून निघालं. बारकू जवळ आला, हसत, छाती काढून. त्याच्या मागे रस्ता रिकामा होता.

"बारक्या, सगुणा कुठाय?"

"जागेवर ठेवली, आये."

"कुठल्या जागेवर?"

"तिच्या घरी. नवी आहे ना अजून! पहिल्याच दिवशी दोन कोस कशी आणायची? ओढ्यापर्यंत घटकाभर चालवली आणि परत नेऊन ठेवली. उद्या दोन घटका चालवीन. आठ-दहा दिवसांत येईल घरापर्यंत."

ठकूबाईने तांब्या खाली आपटला. "अरे, आज महिना संपला! सगुणा अन् व्याही काय म्हणाले तुला?"

"ती रस्ताभर ओरडत होती. नवीन आहे, थोडं व्हायचंच. मामंजी मात्र खरे शहाणे. मी तिला उंबऱ्याच्या आत ठेवली, तशी त्यांनी दाराला आतून कडी घातली, वर अडसर लावला आणि कुत्रं सोडलं." बारकू ओट्यावर बसला आणि वहाणा हळूच काढून नीट शेजारी शेजारी ठेवल्या. "चांगली वस्तू अशीच बंदोबस्तात ठेवायची असते, आये."