आप्पांचं तोंड गोड

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. गावात दुसरा लिंबाजीही होता, पण तो शहाणा निघाला, म्हणून त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

आपल्या लिंबाजीला शेजारच्या गावची सुंदरा आवडली. तिलाही तो आवडला. तिचे वडील आप्पा मात्र म्हणाले, "पोरगं महिनाभर एका कामावर टिकू द्या. मग साखरपुडा."

काम मिळालं कुसुमताईंच्या शेडमध्ये. ताई कडबा बारीक कापायच्या, उकडायच्या, गार झाला की त्याला पांढरी बुरशी लावायच्या. बुरशी कडब्याची साखर करायची. साऱ्या गावाला याचं नवल वाटायचं. लिंबाजीला वाटलं नाही, कारण त्याला काही कळलंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्याला ट्रेमध्ये बुरशी दिसली. बुरशी दिसली की फेकायची, असं आईने शिकवलं होतं. त्याने सात ट्रे ओढ्यात रिकामे केले.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, बुरशी फेकायची नाही. पाणी शिंपडायचं, ओल्या गोणपाटाने झाकायचं, चार दिवस हलवायचं नाही. मग गोड होतं."

"बरं ताई."

संध्याकाळी घरी लोणच्याच्या बरणीत बुरशी दिसली. लिंबाजीने बरणीत तांब्याभर पाणी ओतलं आणि ती गोणपाटात गुंडाळली. चौथ्या दिवशी आई वासाच्या मागावर बरणीपर्यंत पोचली.

"आरं लिंब्या, आंबूस वास आला की वस्तू घरात ठिवत न्हाईत. लांब न्हिऊन पुरायची."

"बरं आई."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आंबूस वास आला. तो एका मडक्याला येत होता. त्यात ताईंनी वर्षभर जपलेलं बुरशीचं विरजण होतं. लिंबाजीने मडकं बांधाला पुरलं. वर दगडही ठेवला.

ताई दुपारभर बांध उकरत होत्या. मडकं हाती लागलं तेव्हा त्यांना रडूच आलं. "लिंबाजी, पांढरं, लवदार काही दिसलं की ते सोनं समज. विचार करत बसू नकोस. आधी पाणी, मग गोणपाट."

"बरं ताई." या वेळी त्याने ते घोकून पाठ केलं. काम गेलं तर सुंदरा जाणार, या भीतीने त्याला जेवणही गोड लागत नव्हतं.

कसाबसा महिना भरला. सोमवारी आप्पा साखरपुड्याचा दिवस ठरवायला घरी आले. उन्हातून चालून दमले होते, ओसरीवर टेकले आणि तिथेच घोरू लागले.

आई म्हणाली, "मी शेजारनं दूध आणते. तवर पावण्यांचं तोंड गोड कर."

लिंबाजीला घाम फुटला. गोड करायची एकच रीत त्याला येत होती, आणि तिची सुरुवात कापण्यापासून होती. मग उकडणं. होणाऱ्या सासऱ्याला हे बरं दिसलं नसतं. तेवढ्यात त्याची नजर आप्पांच्या दाढीवर गेली. पांढरीशुभ्र, लवदार दाढी. त्याचा जीव भांड्यात पडला. अवघड काम कोणीतरी आधीच उरकून ठेवलं होतं.

आई दूध घेऊन आली. ओसरीभर पाणी झालं होतं. मधोमध ओल्या गोणपाटांचा ढीग होता, ढिगावर लिंबाजी बसला होता, आणि ढीग आतून लाथा मारत होता.

"लिंब्या, पावणं कुठं हायेत?"

"हायेत की खाली. बुरशी झ्याक धरलीया," लिंबाजी म्हणाला. "पर साखरपुडा शुक्रवारी ठेव, आई. त्याच्या आदी आप्पा गोड हुईत न्हाईत."