फुटक्या घंटेचा तांडा

पूर्वी तगर नगरात एक म्हातारा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका सार्थवाहाच्या, म्हणजे तांडा नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या, घरी जन्मला. वडिलांच्या मागे बैलांचा तांडा त्याच्याकडे आला. दर उन्हाळ्यात बैलांच्या पाठीवर सुती कापडाचे गठ्ठे लादून तो पलाशघाट उतरे, शूर्पारक बंदरात कापड विकी आणि मीठ घेऊन घरी येई.

पलाशघाटाचे नाव काढले की व्यापारी आधी राखणदार जमवीत. त्या रानातल्या लोकांना बाहेरच्यांनी पुष्कळदा फसवले होते. कोणी त्यांची जनावरे नेली होती, कोणी माणसे धरून नेऊन विकली होती. म्हणून परका तांडा दिसला की ते आधी बाण सोडीत आणि मग तोंड पाहत.

घाटाची वाट आधी चढे आणि मग बंदराकडे उतरे; त्या मध्यावर, माथ्याशी, पाण्याचे एक खोल टाके होते. त्याच्या शेजारी दगडाची एक लांब डोणी होती. उन्हाळ्यात रानातले झरे आटत आणि टाक्यातले पाणी पार तळाला जाई. रानातल्या लोकांचे वेलींचे दोर तिथवर पोचत नसत, पोचले तरी तुटत. तांडेवाल्यांकडे मात्र अंबाडीचे लांब चऱ्हाट आणि कातड्याचा पोहरा असे. त्या वाटेची जुनी रीत होती, की तांड्याने आपली माणसे आणि बैल पाण्याने तृप्त झाले की निघण्याआधी डोणी काठोकाठ भरून ठेवायची. ती भरायला अर्धा दिवस जाई. म्हणून बहुतेक तांडे ही रीत विसरले होते.

बोधिसत्त्व विसरला नव्हता. त्याच्या म्होरक्या बैलाच्या गळ्यात वडिलांच्या वेळची काशाची घंटा होती. तिला तडा गेलेला होता. इतर घंटा किणकिणत, ही खोकल्यासारखी वाजे. ती खोकली की रानातली माणसे धनुष्ये खाली ठेवीत आणि बायका पाणी भरायला वाळलेले भोपळे घेऊन डोणीच्या वाटेला लागत. त्या तांड्यावर कधी एकही बाण सुटला नव्हता.

त्याच नगरात चारुक नावाचा एक तरुण व्यापारी होता. दिसायला देखणा, बोलायला गोड. त्याच्याशी भांडायला आलेला माणूसही त्याच्या घरी जेवून जाई. एका वर्षी चैत्रात चारुकाला घाट उतरायचा होता. बोधिसत्त्वाचे कापड अजून रंगाऱ्याकडेच होते. तेव्हा चारुक त्याच्या घरी आला आणि पायांशी बसला.

“दादा, एक मागू? नाही म्हणू नकोस.”

“माग तर आधी.”

“तुझी ती खोकणारी म्हातारी मला दे. या एका खेपेपुरती. माझ्याबरोबर बायामाणसं आहेत रे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नाही.”

बोधिसत्त्वाच्या डोळ्यांपुढे घाट आला आणि घाटात पडलेले बाणही आले. त्याला त्या बायामाणसांची दया आली.

“ने,” तो म्हणाला. “पण निघण्याआधी डोणी भर. लोक या घंटेला नव्हे, पाण्याला ओळखतात.”

“भरेन म्हणजे? काठोकाठ भरेन!”

म्हातारा बैलहाक्या गवल दारात उभा होता. घंटा घेऊन चारुक गेल्यावर तो म्हणाला, “धनी, चप्पल देतात, छत्री देतात. नाव कुणी उसनं देतं काय?”

“बायामाणसं आहेत, गवल.”

“मग काय, झालंच.” असे म्हणून गवल गोठ्यात गेला.

काही आठवड्यांनी चारुक परत आला. घंटा चिंचेने घासून लखलखीत करून त्याने परत दिली.

“दादा, जादू आहे हिच्यात! ती माणसं हसत सामोरी आली. मी त्यांना मणी दिले, गाणं म्हणून दाखवलं. निघताना पोरं रडत होती.”

“डोणी भरलीस?”

“काठोकाठ.”

चारुक गेला. गवल घंटा हातात फिरवीत राहिला. “धनी, हा परत आला तो नदीकाठच्या वाटेनं. वेशीवरचे सांगत होते. पोरं रडत होती म्हणतो, जादू आहे म्हणतो, मग घाट सोडून लांबच्या वाटेनं का आला?”

त्या दिवसापासून बोधिसत्त्वाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. जेवताना घास हातात राही. गठ्ठे बांधताना तो मध्येच उठून वेशीपर्यंत जाई आणि परत येई. कापड रंगून आले तसा तो एक दिवसही न थांबता निघाला.

घाटाच्या तोंडाशी पोचल्यावर नेहमी रानातून पोरांच्या आरोळ्या येत. घंटा खोकली, पण आरोळी आली नाही. पळसाची पाने मोठी झाली होती, ती वाऱ्यावर कातड्यासारखी वाजत होती. बैल कान उभे करून चालत होते. जो तो मागे वळून पाहत होता आणि आपण पाहिले हे दुसऱ्याला कळू नये म्हणून बैलावर ओरडत होता.

दुसऱ्या वळणावर एक बाण आला आणि म्होरक्याच्या पाठीवरच्या गठ्ठ्यात घुसला.

“ओळखलं नाही आपल्याला!” राखणदारांचा नाईक ओरडला. “घंटा वाजवा! जोरात वाजवा!”

एका गड्याने घंटा धरून जोरजोराने हलवली. तसे झाडीतून आणखी बाण आले. तो आणखी जोरात वाजवू लागला, बाण आणखी आले. एक बैल खाली बसला. तांड्यातल्या बायका गठ्ठ्यांच्या आड लपल्या.

बोधिसत्त्व पुढे धावला आणि त्याने घंटा मुठीत धरली. “थांब. त्यांनी आपल्याला ओळखलंय. ओळखलंय म्हणूनच मारताहेत.”

त्याने घंटेत गवत कोंबले. आवाज बंद झाला आणि थोड्या वेळाने बाणही थांबले. पण झाडीत माणसे आहेत हे सर्वांना कळत होते.

नाईक जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “धनी, वारा आपल्याकडून तिकडे आहे. गवत वाळलेलं आहे. एक ठिणगी टाकली की सगळी वाट मोकळी. आपण बंदरात सुखरूप पोचू.”

“आणि ते?”

“ते आत्ता आपल्याला मारत होते, धनी!”

“ठिणगी टाकायची नाही,” बोधिसत्त्व म्हणाला. “मी डोणीपाशी जाऊन येतो. मी आलो नाही तर मागे फिरा. पण आग लावायची नाही. मला शब्द द्या.”

नाईकाने मान खाली घालून शब्द दिला. बोधिसत्त्वाने चऱ्हाटाचे वेटोळे खांद्यावर घेतले, पोहरा हातात घेतला आणि तो एकटाच वर चढू लागला. गवल मागून म्हणाला, “ढाल तरी न्या.” पण दोन्ही हात कामात होते.

डोणी कोरडी होती. तळाला शेवाळ वाळून त्याच्या पापड्या झाल्या होत्या. कडेला दगडांचा एक नवा ढीग रचलेला होता, माणसाच्या लांबीचा. त्यावर एक फुटका भोपळा ठेवला होता.

बोधिसत्त्व त्या ढिगाकडे पाहत उभा राहिला. काय झाले ते त्याला कळले. बोलण्यासारखे पुष्कळ होते. पण या जागी गोड बोलणे आधीच होऊन गेले होते. त्याने चऱ्हाट सोडले, पोहरा खाली टाकला आणि पहिले पाणी ओढून डोणीत ओतले. तापलेल्या दगडाने ते तिथल्या तिथे पिऊन टाकले. त्याने दुसरा पोहरा सोडला.

एक बाण त्याच्या दंडाला चाटून गेला. रक्त आले. त्याने पोहरा वर घेतला, डोणीत ओतला आणि पुन्हा सोडला.

तेव्हा झाडीतून रानातल्या लोकांचा मुखिया रोहक बाहेर आला. धनुष्य ताणलेले होते.

“घंटा तुझी?”

“माझी.”

“त्या दिवशी ती खोकली. माझी आई म्हातारी, तरी तीन टेकड्या उतरून आली. आम्ही म्हणालो, थांब, आम्ही आणतो. ती म्हणाली, घंटा वाजली म्हणजे पाणी आहेच, थंड असताना पिते. तो गोरा माणूस गात होता. गाऊन झालं, मणी वाटले, मागून येणारे भरतील म्हणाला आणि गेला. ती इथंच बसली. उठली नाही.” रोहकाने बाण त्याच्या छातीवर रोखला. “म्हण आता, तो माझा माणूस नव्हता म्हणून.”

“नव्हता. पण घंटा मीच दिली.”

“त्याचं नाव सांग. नाव आणि घर सांग. तू आणि तुझा तांडा जा.”

बोधिसत्त्वाने पोहरा डोणीच्या काठावर ठेवला. खाली तांड्यातली माणसे होती आणि त्यांची घरी वाट पाहणारी माणसे होती. एक नाव सांगितले की ती सगळी सुटणार होती. चारुकाची नवी बायकोही त्याला आठवली.

“नाव सांगणार नाही,” तो म्हणाला. “तू त्याला मारशील. मग राजाचे शिपाई येऊन हे रान जाळतील. तुझ्या आईच्या ढिगाशेजारी आणखी ढीग होतील. घंटा देणारा मी आहे. राग माझ्यावर काढ. माझ्या माणसांना जाऊ दे.”

रोहकाने दोरी कानापर्यंत ओढली.

तेवढ्यात त्याची बायको पिंगा झाडीतून पुढे आली. काखेत भोपळा होता, ओठ फुटले होते. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग डोणीकडे पाहिले.

“मारायचं तर डोणी भरल्यावर मार,” ती म्हणाली. “मेल्यावर पाणी कोण ओढणार? तू?”

रोहक तसाच उभा राहिला. बोधिसत्त्वाने पुन्हा पोहरा सोडला. पिंगा डोणीच्या काठावर बसून ते पाहू लागली. पाणी वर येई, ओतले जाई, रिकामा पोहरा खाली जाई. हळूहळू झाडीतून आणखी बायका आल्या. पोरे डोणीत तोंडे घालून प्यायली. दुपार कलली. रोहकाचे हात दुखू लागले तसे धनुष्य खाली आले, पुन्हा वर गेले आणि शेवटी खालीच राहिले.

पिंगा बराच वेळ चऱ्हाटाकडेच पाहत होती. मग तिने विचारले, “तांडेवाल्या, इतकी वर्षं तू आम्हाला पाणी देतोस. हा दोर कधी का दिला नाहीस?”

बोधिसत्त्वाचे हात थांबले.

पुष्कळ वर्षे तो डोणी भरीत आला होता. लोक त्याला भला म्हणत, आणि घंटा वाजली की रान हसे. पण ते पाणी त्याच्या हातून येत होते, म्हणून ते हसू त्याच्या हाती राहिले होते. एका खेपेला त्याने ते दुसऱ्याच्या हाती दिले आणि एक म्हातारी तहानेने मेली.

“सुचलं नाही,” तो म्हणाला. “खरंच सुचलं नाही, बाई.”

पिंगा हसली नाही आणि रागावलीही नाही. तिने हात पुढे केला. बोधिसत्त्वाने चऱ्हाटाचे टोक तिच्या हातात दिले. कसे सोडायचे, कुठे झटका द्यायचा म्हणजे पोहरा बुडतो, हे दाखवले. पहिल्यांदा पोहरा रिकामाच आला आणि बायका हसल्या. दुसऱ्यांदा भरून आला.

रोहक आईच्या ढिगाशी जाऊन बसला होता. पिंगाने पहिला भोपळा भरून त्याच्याकडे नेला. त्याने थोडे पाणी दगडांवर शिंपडले आणि उरलेले प्यायला.

“आई परत येत नाही,” तो म्हणाला.

“येत नाही,” बोधिसत्त्व म्हणाला.

“तुझी घंटा इथं राहील.”

“राहू दे. चऱ्हाटही राहू दे. पोहराही.”

तांडा वर आला, बैल पाणी प्यायले. घंटा डोणीशेजारच्या अंजनाच्या फांदीला बांधली गेली. त्या संध्याकाळी पलाशघाट उतरताना म्होरक्याचा गळा मोकळा होता. म्होरक्या सारखा मान झटकीत होता. त्याला चुकल्यासारखे वाटत होते. गवल त्याला म्हणाला, “चल बाबा, आता नुसतंच चालायचं.”

तगरला परतल्यावर बोधिसत्त्वाने चारुकाला घडलेले सर्व सांगितले. दंडावरचा व्रण दाखवला नाही. तो चारुकाने आपणहून पाहिला.

पुढच्या उन्हाळ्यात नदीकाठची वाट पावसाळ्यातल्या पुराने खचलेलीच होती. चारुकाला घाटानेच जावे लागले. वर चढताना वाटेत पाणी संपले, एक बैल पडला. सगळे जीव मुठीत धरून चालले असताना वरून खोकल्यासारखी घंटा वाजली. चारुकाला वाटले, दादाचा तांडा आला. तो धडपडत वर गेला. तिथे तांडा नव्हता. पिंगा फांदीची घंटा वाजवीत होती. खाली धूळ दिसली, म्हणजे कोणीतरी तहानलेले येत आहे, हे तिला कळले होते. डोणी काठोकाठ भरलेली होती. रोहक धनुष्य मांडीवर आडवे ठेवून बसला होता.

दोघांनी चारुकाला ओळखले. चारुकाने पाठ करून आणलेले गोड शब्द ओठांपर्यंत आणले.

“आधी बैलांना पाज,” पिंगा म्हणाली. “बोलणं मग.”

बैल प्यायले. माणसे प्यायली. मग चारुकाने न सांगता चऱ्हाट उचलले आणि डोणी पुन्हा भरू लागला. त्याच्या मऊ हातांना फोड आले, फोड फुटले. डोणी भरेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. भरल्यावर त्याने दगडांच्या ढिगाला हात जोडले. रोहकाने धनुष्य उचलले नाही.

घाटातले लोक पुढे पाणी ओढताना म्हणत:

नाव पुढे चालते, पाऊल मागून येते;
कोरड्या डोणीपाशी नावच आधी मरते.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली ती एका भांडणामुळे. विहारातला एक गोड गळ्याचा तरुण भिक्षू एका गावात राहिला होता. “मी शास्त्यांचा शिष्य,” एवढे सांगताच एका घरी त्याचा मोठा सत्कार झाला. त्या घरातल्या आजारी म्हाताऱ्याची सेवा करीन असे सांगून तो सकाळी निघून गेला. पुढे दुसरा भिक्षू त्या घरी भिक्षेला गेला, तेव्हा लोकांनी त्याच्यावर कुत्री सोडली आणि त्याचे पात्र फोडले. तो रागाने धुमसत परत आला, आणि सगळा विहार अस्वस्थ झाला. कोणी म्हणे गावाला शाप द्या, कोणी म्हणे त्या तरुणाला हाकला.

कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, “तेव्हाचा चारुक हाच गोड गळ्याचा भिक्षू. आईच्या ढिगाशी बसलेला रोहक म्हणजे ज्याचे पात्र आज फुटले तो. चऱ्हाट मागणारी पिंगा त्या घरची गृहिणी झाली आहे. तिने कुत्री सोडली खरी, पण पात्राचे तुकडे उचलून ठेवले आहेत. आणि सार्थवाह मीच होतो.”

मग ते त्या दोघांना म्हणाले, “उद्या दोघे मिळून त्या घरी जा. माझे नाव सांगू नका. म्हाताऱ्याला अंघोळ घाला.”

राग अंगावर घेऊनही ज्याचे हात काम सोडत नाहीत, त्याच्या ठायी क्षांती, म्हणजे खरी सहनशीलता, असते. या जन्मात बोधिसत्त्वाने ती क्षांती पाळली.