बरका फणस

एकदा एक बाई बोथट कुऱ्हाड घेऊन आपल्या गुरुजींच्या अंगणात आली. नवरा वारल्यापासून रोज संध्याकाळी ती या वृद्ध गृहस्थांकडे चार ज्ञानाच्या गोष्टी ऐकायला येत असे. पण गेले चार महिने तिचं चित्त कशातच नव्हतं. तिचा सतरा वर्षांचा एकुलता एक मुलगा घर सोडून गेला होता.

"गुरुजी, तुमच्याकडे धारेचा दगड आहे ना? परसातला फणस तोडायचाय."

"त्यानं काय केलं गो?"

"फसवलं मला. माहेरच्या घट्ट गऱ्यांच्या काप्या फणसाची आठळी लावली होती. नऊ वर्षं पाणी घातलं. यंदा पहिला फणस धरला, तर निघाला बरका. गरे नुसते लिबलिबीत, बोटांतून ओघळतात. जावेनं तोंडावर विचारलं, हाच का तुझ्या माहेरचा कापा?"

गुरुजींनी धारेचा दगड आणला. दगडावर पाणी शिंपडून ते स्वतःच धार लावायला बसले. बाई बघतच राहिली. हा माणूस तुळशीचं पानसुद्धा विचारून खुडतो आणि आज कुऱ्हाड परजतोय?

धार लखलखली तशी त्यांनी कुऱ्हाड तिच्या हातात दिली. "घे. पण मुलगा गेला त्या दिवशी त्याला काय म्हणालीस, तेवढं सांग."

बाईची मान खाली गेली. "बाप त्याचा सरसर पोफळीवर चढायचा. याचे माडाखालीच पाय लटपटतात. म्हटलं, तू या घरात शोभत नाहीस."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "काप्याच्या आठळीतून कापाच येईल असं सृष्टीनं कुणाला वचन दिलेलं नाही. बरका पानात वाढायचा नसतो, बाळ. त्याचा रस उन्हात वाळवायचा. त्याची पोळी होते तशी काप्याची होत नाही. तू एवढंच पाहिलंस, की हा त्याच्यासारखा नाही. झाडाला पाय नाहीत, म्हणून ते अजून तुझ्या परसात उभं आहे. मुलाला होते."

"येईल का हो तो?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

बाई घरी गेली. हाताला तेल लावून तिनं उरलेले गरे काढले, रस गाळला, सुपात पातळ पसरून वैशाखाच्या उन्हात ठेवला. पाचव्या दिवशी पोळी सुटून आली. सोनेरी, लवचीक, मधासारखी गोड. तिनं पोळीचे दोन तुकडे केले. एक स्वतः खाल्ला. दुसरा हातात धरून ती कितीतरी वेळ उंबऱ्यावर बसून राहिली.