तीन म्हणेपर्यंत

"खरं सांगा बाबा, माझा हात तुमच्यापेक्षा हलका आहे की नाही?"

"आहे."

"माझ्या हातून दात मोडला, मूळ आत राहिलं, असं कधी झालंय?"

"नाही."

"मग लोक माझ्यापुढे का बसत नाहीत?"

चेल्याच्या या प्रश्नावर बुढणशा फकीर कामाकडे वळले. समोर बसलेल्या गुराख्याच्या तोंडात बोट घालून ते हिरडी चाचपत होते.

आडगावच्या वेशीबाहेर बाबांचा तकिया होता. तकिया म्हणजे काय, तर एक जुनी कबर, एक खोली आणि पुढे चिंचेची सावली. बाजाराच्या दिवशी त्या सावलीत बाबा लोकांचे दुखरे दात काढत. पंचक्रोशीतले सुजलेले गाल सकाळपासून तिथे रांगेनं बसलेले असत.

दशरथ पोतदार हा त्यांचा चेला. सोनाराच्या घरातला, तिशी ओलांडलेला गडी. नथीत मोती ओवणारी ती बोटं, त्यांना दाढ म्हणजे काय हो! घरचं दुकान भावावर सोडून तीन वर्षं तो बाबांपाशी राहिला होता. शेजारीच त्यानं आपला दगड मांडला होता. पण एकदा बसून गेलेला माणूस पुन्हा त्या दगडावर यायला नको का?

त्यात बाबांची सत्तरी केव्हाच उलटलेली. पकड दाताला लागेपर्यंत त्यांचा हात थरथरायचा. दोन बाजारांपूर्वी ते सहज म्हणून गेले होते, "ही पकड आता कुणाला तरी द्यायची. घेणारा नाही मिळाला, तर विहिरीत टाकायची."

तेव्हापासून दशरथाची झोप उडाली होती.

घेणारा नाही मिळाला तर? म्हणजे काय? मी काय इथे शेंगा सोलायला बसलोय?

बाबांचं काहीतरी गुपित आहे, अशी त्याची खात्री झाली होती. मंत्र असेल म्हणून त्यानं कान लावून पाहिलं. मंत्र नव्हता. लवंगेच्या तेलाची बाटली चाखून पाहिली. तेल साधंच होतं. मग असं आहे तरी काय? तीन वर्षं हा किडा त्याच्या डोक्यात वळवळत होता.

फरक होता तो एवढाच, की बाबा फार बोलायचे.

आताही ते गुराख्याला सांगत होते, "आधी तेलाचा बोळा लावतो, चुरचुरेल. मग पकड. ती गार लागेल. मग दाढ हलवीन, तेव्हा कानात कडकड ऐकू येईल. घाबरू नको, हाड मोडत नाही, दाढ सुटतेय. मग एक, दोन, तीन. तीनला ओढणार. दुखेल."

"लई?" गुराख्यानं विचारलं.

"तीन म्हटल्यावर लई. मग कमी कमी होत जाईल."

गुराख्यानं तोंड उघडलं. एक… दोन… तीन. त्यानं अशी बोंब ठोकली, की कबरीवरची कबुतरं उडाली.

दशरथानं कपाळाला हात लावला. कशाला सांगायचं एवढं? माणूस अर्धा तिथेच मरतो! त्याची स्वतःची रीत निराळी होती. तो म्हणायचा, "काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल. तीन म्हटलं की काढतो हं." आणि दोनलाच दाढ बाहेर! माणूस तीनची वाट बघत सैल बसलेला असतो, त्याला कळतसुद्धा नाही. या युक्तीचा दशरथाला भारी अभिमान होता.

रांगेत पुढे कोंडाबाई कासारीण होती. गेल्या वर्षी तिची एक दाढ दशरथानंच काढली होती. आज दुसऱ्या बाजूचा गाल सुजवून ती बाबांच्या रांगेत बसली होती.

"कोंडाबाई, इकडे या की. माझा दगड रिकामाच आहे."

तिनं पदर तोंडावर घेतला. "असू दे रं बाबा. बसते हितंच."

"मागच्या वेळी दुखलं होतं का?"

"न्हाई बा. खोटं कशाला बोलू?"

"मग?"

"मग काय… नगं."

दशरथ बघतच राहिला. न दुखवणारा नको आणि बोंब मारायला लावणारा हवा! लोकांची डोकी फिरली आहेत की काय?

"बाबा, आता तरी सांगा. हे काय गौडबंगाल आहे?"

बाबांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुझा गाल कधीपासून सुजलाय?"

झालं! दशरथाचा हात आपोआप जबड्याकडे गेला. आठ दिवस तो लवंग दाढेखाली धरून फिरत होता. भाकरी दुधात कुस्करून गिळत होता. दात काढणाऱ्याचीच दाढ ठणकतेय, हे बाजारात कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"कुठे काय… जरासं आहे."

"बस इथे."

"आत्ता? सगळ्यांसमोर?"

"पू झालाय. आज नाही काढली तर उद्या ताप येईल. बस."

दशरथ बसला. रांगेतली माणसं सरसावून पुढे आली. कोंडाबाईनंही पदर खाली केला.

बाबांनी दिवा धरावा तसं त्याचं तोंड उन्हाकडे वळवलं आणि सगळं सांगायला सुरुवात केली. तेल. पकड. कडकड.

"मला माहीत आहे बाबा," दशरथ म्हणाला.

"तरी ऐक. तीनला ओढणार. दुखेल."

पकड दाढेला लागली. खरंच गार होती. बाबांचा हात थरथरायचा थांबला.

"एक… दोन…"

दशरथानं बाबांचं मनगट गच्च धरलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही… हात आपोआप गेला. पुन्हा करा."

"एक… दोन…"

या खेपेला दशरथानं मानच मागे घेतली. दाढेला हिसका बसला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता मात्र लोक पोट धरून हसायला लागले. कोंडाबाई तर सुजलेला गाल दाबून हसत होती. "अगं आई गं! ह्यो तर माझ्यावानीच भितोय!"

दशरथ ओशाळला. पण ओशाळण्यापेक्षा जास्त तो बुचकळ्यात पडला. बाबांनी शेकडो दाढा काढताना त्यानं पाहिलं होतं. आजवर एकदासुद्धा त्यांनी तीनच्या आधी ओढलं नव्हतं. हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो गुराखी, काल-परवाचं पोर, तीनपर्यंत गुमान बसला होता. आणि आपल्याला दोन ऐकलं की कापरं भरतंय? का?

तिसऱ्यांदा तर 'एक' म्हणताच त्याचे गुडघे वर आले.

बाबांनी पकड काढून घेतली. 

"मोजूच नका," दशरथ काकुळतीला येऊन म्हणाला. "एकदम ओढून टाका. कधी ओढलं ते मला कळूच देऊ नका."

"नाही."

"मग काय करायचं?"

"तू मोज."

"तोंडात पकड असताना?"

"बोटांनी मोज. तू तीन बोटं केलीस की मी ओढीन."

दशरथानं तोंड उघडलं. पकड लागली. त्यानं एक बोट वर केलं.

मग दुसरं.

…

तिसरं बोट उठेना.

त्यानं मनातल्या मनात त्या बोटाला सांगून पाहिलं. दटावून पाहिलं. बोट त्याचंच, पण ऐकायला तयार नाही. लोकांचं हसू हळूहळू विरलं. बाजारातून मिरची विकणाऱ्याची आरोळी ऐकू आली. एक बैलगाडी समोरून गेली, तिचा खडखडाटही लांब गेला. दोन बोटं तशीच वर.

थोड्या वेळानं दशरथाची मान सैल पडली. खांदे उतरले. भीतीसुद्धा किती वेळ ताणून धरणार? तीही दमली. जबडा असा ढिला झाला, की दाढ जणू दुसऱ्या कुणाच्या तोंडात होती. हातात पकड असती तर दशरथानं हीच घडी साधली असती. हे त्याला स्वतःलाच कळत होतं, आणि तो अंग चोरून त्याच घडीची वाट बघत होता. आता ओढतील. आता…

बाबांनी ओढलं नाही.

त्यांचा हात पुन्हा थरथरायला लागला होता. पकडीतून ती थरथर दाढेत उतरत होती. म्हातारं कोपर दुखत असणार. कपाळावरचा घाम ओघळून त्यांच्या पांढऱ्या दाढीत शिरला. तरी ते दशरथाच्या बोटांकडे बघत बसले होते, एवढंच.

दशरथाच्या डोळ्यांत पाणी आलं. अजून दुखलं तर काहीच नव्हतं, तरी आलं.

मग तिसरं बोट उठलं.

कडकड झाली, जशी सांगितली होती तशीच. दुखलं, तेही जसं सांगितलं होतं तसंच. लई. दशरथ गुराख्यापेक्षा मोठ्यानं ओरडला.

"कापूस दाबून धर," बाबा म्हणाले. "थुंकत बसू नको, रक्त थांबत नाही. आज गरम काही घ्यायचं नाही. उद्यापासून मिठाच्या पाण्यानं गुळण्या. चार-आठ दिवस जीभ सारखी तिथे जाईल. जाऊ दे."

दशरथानं मान हलवली. बाबांनी पाण्यानं पकड धुतली, सदऱ्याला पुसली आणि मुठीची बाजू दशरथाकडे करून पुढे धरली.

रांग बघत होती. कोंडाबाई अर्धी उठली होती. बाबांकडे सरकावं की दशरथाच्या दगडाकडे, ते तिचं ठरत नव्हतं.

तीन वर्षं ज्या पकडीसाठी जीव टाकला, ती समोर होती. पण दशरथानं हात पुढे केला नाही. कापूस गालात सरकवून तो कसाबसा बोलला, "आधी एक सांगा बाबा. माझी दोन बोटं वर होती, तेव्हा मी पार सैल पडलो होतो. तुम्हाला हाताला कळलं असणार. तेव्हाच ओढली असती तर मला कळलंही नसतं. तुमचा हात भरून आला होता… का थांबलात?"

बाबांनी पकड तशीच धरून ठेवली.

"तिसरं बोट खाली होतं, बेटा."