घागर, दोर आणि मधला आड

वस्तू एकमेकींशी बोलायच्या, त्या काळातली ही गोष्ट. एका आडावर तांब्याची घागर आणि अंबाडीचा दोर जोडीनं पाणी काढायचे.

खाली उतरताना घागर रिकामी असे, त्यामुळे तिची बडबड थांबत नसे. वर येताना ती भरून गप्प होई. पण तेव्हा सगळं ओझं दोरावर, त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हणून बिचाऱ्याला जे सांगायचं, ते उतरतानाच सांगावं लागे.

एकदा दोर म्हणाला, "घागरबाई, गाठीपाशी माझा एक पदर तुटलाय गं."

"तुझं काय घेऊन बसलास! मला बघ, दगडावर आपटून केवढा पोचा आलाय."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "दुसराही तुटला बाई."

"हो का? अन् मला आज चिंच लावून घासलीच नाही कुणी."

तिसऱ्या दिवशी दोर अगदी काकुळतीला आला. "एकच पदर उरलाय. आज अर्धीच भर. माझ्यासाठी एवढं कर."

"हो रे बाबा, ऐकलं," घागर म्हणाली आणि पोच्याचंच पुराण पुन्हा सांगत काठोकाठ भरली.

निम्म्या वाटेवर दोर तुटला. घागर तळाशी जाऊन बसली.

आता ती भरलेली होती, गप्प होती. हवं तितकं ऐकू शकली असती. वर दोराचं तुटकं टोक लोंबकळत होतं. त्याच्यावर ओझं नव्हतं. हवं तितकं बोलू शकला असता.

पण दोघांच्या मध्ये अख्खा आड होता.